गाऱ्हाणे कोणी ऐकावे?



मी पंडित नाही. माझी शाळा सातवीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते इचलकरंजीच्या यंत्रमागांच्या खडखडाटात, युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर. म्हणून आजचा विषयही अनुभवातूनच उचलतो. आपण ज्याला निवडून देतो, त्याने आपले गाऱ्हाणे स्वतः ऐकावे की नाही?

काही वर्षांपूर्वी एक कांडीवाली बाई आमच्या कचेरीत आली. नवरा वारलेला, निराधार अनुदानाचा अर्ज कुठेतरी अडकलेला. एका लोकप्रतिनिधीच्या दारी ती तीन सकाळी जाऊन बसली होती. तीन दिवसांची मजुरी बुडाली, पण भेट झाली नाही. मी चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी आत गेली आणि पंधरवड्यात काम झाले. मला मोठे समाधान वाटले. पुढच्याच आठवड्यात तिच्या गल्लीतल्या सहाजणी माझ्या दारात उभ्या! "दादा, आम्हांलाही चिठ्ठी द्या." एकीने तर पिशवीतून भुईमुगाच्या शेंगा आणल्या होत्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. ज्या दलालीविरुद्ध मी उभा जन्म बोललो, तीच माझ्या दारात येऊन बसली होती, आणि तिला बसायला पाट मीच दिला होता. लोकप्रतिनिधी ऐकत नव्हता म्हणून तर माझ्या चिठ्ठीला किंमत आली होती.

आता कोणी म्हणेल, उपाय सोपा आहे. प्रतिनिधीने सर्वांना भेटावे. आपण जरा हिशेब करू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या सुमारे ११ कोटी २४ लाख भरली. विधानसभेच्या जागा २८८. म्हणजे एका आमदारामागे सरासरी ३ लाख ९० हजार माणसे. प्रत्येकाला पाचच मिनिटे दिली आणि रोज आठ तास ऐकण्याखेरीज दुसरे काही केले नाही, तरी एक फेरी पुरी व्हायला अकरा वर्षे लागतील. सभागृहाची मुदत पाच वर्षांची! तेव्हा सर्वांचे ऐकणे अशक्य आहे. काहींचेच ऐकले जाणार. मग ते 'काही' कोण, हा खरा प्रश्न. दार बंद असले की त्याचे उत्तर ठरलेले असते. ज्याची ओळख आहे तो आत, ज्याची नाही तो पायरीवर.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. आमदार-खासदारांचे काम कायदा करण्याचे. गटार तुंबले, दाखला अडला, हे त्यांनी का ऐकावे? १७७४ साली एडमंड बर्क या ब्रिटिश मुत्सद्द्याने ब्रिस्टलच्या मतदारांना असेच काहीसे बजावले होते. त्याचे म्हणणे असे की, मतदारांच्या मताला प्रतिनिधीने मोठा मान द्यावा, पण स्वतःची विवेकबुद्धी त्यांच्या हुकमाला विकू नये. आपल्याकडे हेच चार शब्दांत सांगतात : ऐकावे जनाचे, करावे मनाचे. पण या म्हणीत आधी काय येते ते पाहा. आधी 'ऐकावे' येते. पुष्कळ पुढाऱ्यांनी म्हणीचा दुसराच अर्धा भाग पाठ केला आहे.

गाऱ्हाणी दोन जातींची असतात, हे मी युनियनच्या कामात शिकलो. एका जातीत नियम चांगला असतो, पण तो पाळला जात नाही. दाखला वेळेत मिळत नाही, हे त्यातले. त्यासाठी २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे, मुदत आहे, अपील आहे. तेथे आमदाराचा फोन लागावा, ही कायद्याची हार आहे. दुसऱ्या जातीत नियमच अपुरा असतो. कारकुनाने तो अगदी तंतोतंत पाळला तरी माणूस उपाशी राहतो. महापुरानंतर आपल्या शिरोळ तालुक्याने हे पाहिले आहे. पाणी उतरल्यावर पंचनामा होतो. पण पाणी पिऊन फुगलेली भिंत पंचनामा झाल्यावर, ऊन पडल्यावर कोसळली तर? कागदावर जेवढे रकाने असतात तेवढेच दुःख कागदात मावते. रकान्याबाहेरचे दुःख कळायला माणसाचा कान लागतो, आणि नवा रकाना पाडण्याचा अधिकार लोकप्रतिनिधीचा. म्हणून त्याने स्वतः ऐकायला हवे. त्याच्या स्वीय सहायकाने ऐकून भागत नाही, कारण सहायक फार तर फोन करील. त्याला कायदा बदलता येत नाही.

याचे उदाहरण आपल्या शेजारीच, सांगली जिल्ह्यात घडले आहे. वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती. थेट मतदारसंघ त्यांना नव्हता. पण गावच्या मजुराला वर्षातले किती दिवस काम मिळत नाही, हे त्यांना गावात वावरून ठाऊक होते. मागेल त्याला काम द्यावे, हा विचार त्यांनी धरला. १९६५ साली तासगाव तालुक्यात विसापूर भागात त्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली, १९७७ साली विधिमंडळाने तिचा कायदा केला, आणि २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. पागे यांनी चार मजुरांना चिठ्ठी देऊन कुठे चिकटवले असते, तर चार चुली पेटल्या असत्या आणि गोष्ट तेथेच संपली असती. त्यांनी चौघांच्या गरजेतून सर्वांचा हक्क काढला. ऐकणे आणि उपकार करणे यांत हा फरक आहे.

आपण ज्या गावात बसलो आहोत, ते १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी वसवले व त्याला आपल्या जन्मदात्या वडिलांचे, जयसिंगराव घाटगे यांचे, नाव दिले. महाराज रयतेत मिसळत. १८९६-९७ च्या दुष्काळात ते स्वतः फिरले, लोकांची दशा डोळ्यांनी पाहिली आणि स्वस्त धान्याची दुकाने उघडली. त्या आठवणीवर आपण अजून जगतो, आणि तिच्यामुळे थोडे फसतोही. राजाने ऐकले ही राजाची थोरवी होती. न ऐकता तर कोण विचारणार होते? लोकप्रतिनिधीने ऐकणे ही थोरवी नव्हे. ती त्याच्या नोकरीची पहिली अट आहे. आपण मात्र त्याच्या दारी अजून रयत होऊन जातो, हार घालतो, आणि तो हसून बोलला तरी धन्य होतो.

मग ऐकावे कसे? कामगार चळवळीत आमची एक जुनी रीत आहे. मालकाशी बोलणी करून आलो की गेटवर उभे राहायचे आणि मिळाले ते, न मिळाले तेही, सर्वांदेखत सांगायचे. तीच रीत येथे लावावी. महिन्यातला एक दिवस, एक वेळ, एक उघडी जागा ठरलेली असावी. प्रतिनिधीने तेथे स्वतः यावे. प्रत्येक गाऱ्हाण्याला वहीत क्रमांक पडावा व सांगणाऱ्याच्या हाती पोच यावी. पुढच्या महिन्यात आधी ती वही वाचावी. 'झाले', 'होणार नाही' आणि 'का नाही', ही तीन उत्तरे चारचौघांत द्यावीत. 'नाही' ऐकून माणूस दुखावतो. पण उत्तरच न मिळाल्याने तो खचतो.

खेड्यात ग्रामसभेत सरपंचाला उभे करून विचारता येते. मोठ्या शहरांत, ३ लाख वा अधिक वस्ती असेल तेथे, ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या सक्तीच्या केल्या. आपली नगरपरिषद या दोहोंच्या मधली. घटनेने आपल्यावर अशी सक्ती केलेली नाही. पण आपण सभा भरवू नये असेही ती कोठे म्हणत नाही. या आखीव गल्ल्यांच्या गावात दर महिन्याला एक बैठक भरवायला दिल्लीहून कोणी यावे लागणार नाही.

यात आपलाही वाटा आहे. माझ्या मुलाची बदली, माझ्या मेहुण्याचे टेंडर, हे उघड्या सभेत बोलायला जीभ रेटत नाही. जे चारचौघांत मागता येत नाही, ते बंद दाराआड मागायचे आपणही सोडले पाहिजे. दार आतून जेवढे बंद असते तेवढेच ते आपण बाहेरूनही ओढून धरलेले असते.

त्या सहाजणींना मी चिठ्ठी दिली नाही. शेंगा सर्वांनी मिळून खाल्ल्या. सहा अर्ज लिहिले, सर्वांना घेऊन कचेरीत गेलो आणि सहा पोचा घेतल्या. काम व्हायला पाच महिने लागले. चिठ्ठीने ते पंधरवड्यात झाले असते, हे मला ठाऊक होते आणि त्यांनाही. त्यातली एक अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचा राग खोटा नाही. तिचे ते पाच महिने मी कोणाच्या खाती मांडू? ज्या दिवशी प्रतिनिधी उघड्यावर बसून ऐकू लागेल, त्या दिवशी माझ्या चिठ्ठीची किंमत शून्य होईल. त्या दिवसाची मी वाट पाहत आहे.