टोल्याचें बळ आणि टोल्याची वेळ

विटीदांडूच्या खेळांत एक गोष्ट पाहणाऱ्याच्या सहज लक्षांत येते. अंगानें धिप्पाड अशा मुलाचा टोला पुष्कळदां हुकतो आणि एखादा किरकोळ बांध्याचा मुलगा तीच विटी मैदानापलीकडे उडवितो. दांडू एकच, विटीहि एकच. मग हा भेद कां पडावा? बेसबॉल व सॉफ्टबॉल या खेळांत चेंडू टोलविणाऱ्याचें सारें यशापयश याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतें.

हे खेळ मूळचे अमेरिकेंतले. पण आतां ते परके राहिलेले नाहींत. महाराष्ट्रांतील शालेय क्रीडास्पर्धांत त्यांचा समावेश असून जळगांव व धुळें येथील मुलेंमुलीहि ते खेळतात. ज्याला टोला साधत नाहीं त्याच्या ‘अंगांत जोर नाहीं’ असें ठरवून त्यास संघाबाहेर बसविण्यांत येतें, किंवा घरची मंडळी त्यास दूधतूप व दंडबैठका यांच्या मागें लावतात. दूधतूप वाईट नव्हे. परंतु दोष बहुधा जोरांत नसून क्रमांत असतो. हें वेळीच न उमगल्यामुळें कित्येक होतकरू मुलें आरंभींच हिरमुसून खेळ सोडतात.

क्रम म्हणजे काय, हें खानदेशांतील ज्वारीच्या शेतांत पाहावें. माळ्यावर उभा राहून पांखरें राखणारा शेतकरी गोफणींतला धोंडा नुसत्या मनगटानें फेंकीत नाहीं. पाय रोवून तो अंग वळवितो. कंबरेमागून खांदा येतो, खांद्यामागून हात, आणि सर्वांच्या शेवटीं धोंडा सर्वांत अधिक वेगानें सुटतो. बॅटीचेंहि तसेंच आहे. उजव्या हाताच्या खेळाडूनें डावा खांदा पिचराकडे, म्हणजे चेंडू फेंकणाऱ्या गड्याकडे, करून गुडघे थोडे सैल सोडून उभें राहावें. बॅट तळहातांत करकचून न आवळतां बोटांत धरावी. प्रथम अंगाचा भार मागच्या पायावर घ्यावा. मग पुढचें पाऊल वीतभर पुढें अलगद टेकावें. त्यानंतर कंबर वळावी, तिच्यामागून छाती व खांदे, आणि हात सर्वांत शेवटीं. या क्षणीं पुढचा पाय खांबासारखा घट्ट हवा. तो ढिला पडला तर कंबरेची गति बॅटीपर्यंत पोंचतच नाहीं. डोकें मात्र आरंभापासून शेवटपर्यंत जागच्या जागीं स्थिर राहिलें पाहिजे.

नवशिका नेमका उलट वागतो. तो हात व खांदे आधीं झोकतो आणि कंबर मागें राहते. चेंडू बॅटीला लागल्यावर जोर लावूं, अशीहि कित्येकांची समजूत असते. पण चेंडू व बॅट यांचा स्पर्श सेकंदाचा सुमारें एक-सहस्रांश भागच टिकतो. तेवढ्यांत जोर लावण्यास अवसर कोठला? बॅटीला जो वेग यावयाचा तो स्पर्शापूर्वींच आलेला असला पाहिजे.

आतां वेळेचा विचार करूं. बेसबॉलमध्यें पिचर ६० फूट ६ इंचांवरून चेंडू टाकतो. ताशीं १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू सेकंदाच्या सुमारें चार-दशांश भागांत येऊन पोंचतो. स्त्रियांच्या सॉफ्टबॉलमध्यें हें अंतर ४३ फूटच असल्यामुळें ताशीं ९५ किलोमीटरच्या चेंडूलाहि जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. त्यांतून बॅट फिरविण्याचा सुमारें दीड-दशांश भाग वजा जातां पाहण्यास आणि ठरविण्यास पाव सेकंदच उरतो. म्हणून चेंडू अगदीं बॅटीपर्यंत डोळ्यांनीं पाहतां येतो ही कल्पनाहि खरी नाहीं. शेवटचे कांहीं फूट तो डोळ्यांच्या आटोक्याबाहेर जातो. खरी दृष्टि हवी ती पिचराच्या हातांतून चेंडू सुटतांना.

क्रिकेटची संवय असलेल्यास येथें आणखी एक अडचण येते. क्रिकेटमध्यें बॅटीचा चेहरा सपाट असतो आणि उशिरां लागलेला चेंडू पाठीमागें वळवूनहि धावा मिळतात. बेसबॉलची बॅट गोल असून चेंडू समोरच्या काटकोनांतच गेला पाहिजे. टोला सेकंदाच्या एक-शतांश भागानें मागेंपुढें झाला तरी चेंडू त्या काटकोनाबाहेर जाण्याचा संभव असतो. यावर उपाय एकच : तयारी लवकर, टोला उशिरां. पिचराचा हात चेंडू सोडण्यास येतांच पाऊल टाकण्यास आरंभ करावा; परंतु पाऊल पडलें म्हणजे हातहि गेलेच पाहिजेत असें नाहीं. पाऊल टेकल्यानंतरहि ‘मारावें’ कीं ‘सोडावें’ हा निर्णय मोकळा राहिला, तर वेळ साधली असें समजावें.

सरावास मोठें मैदानच हवें असें नाहीं. ऑस्ट्रेलियाचे प्रख्यात क्रिकेटपटु डोनाल्ड ब्रॅडमन लहानपणीं घरामागें एकटेच क्रिकेटच्या स्टंपानें गोल्फचा चेंडू पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर मारीत व उलट येणारा चेंडू पुन्हां टोलवीत. अंगणांतहि हें शक्य आहे. पहिल्या आठवड्यांत चेंडूवांचून, क्रम मोजीत, बॅट सावकाश फिरवावी. पुढें कंबरेइतक्या उंचीच्या नळीच्या तोंडावर चिंध्यांचा चेंडू ठेवून तो समोर टोलवावा. मग कोणीं तरी बाजूनें हळूच चेंडू उडवून द्यावा. शेवटीं पिचरासमोर उभें राहून कांहीं चेंडू मुद्दाम न मारतां सोडावे आणि प्रत्येक चेंडू मारण्याजोगा होता कीं नव्हता तें मोठ्यानें सांगावें; त्यानें नजर तयार होते. खऱ्या चेंडूपुढें शिरस्त्राणावांचून कोणासहि उभें करूं नये. खानदेशांतील उन्हाळ्यांत हा सराव उजाडतांच अर्धा तास केलेला बरा.

टोला हुकला म्हणून मुलास टोंचून बोलणाऱ्या वडील माणसांनीं एक आंकडा ध्यानांत ठेवावा. अमेरिकेचे नामांकित खेळाडू टेड विल्यम्स यांनीं १९४१ सालीं ४५६ वेळांपैकीं १८५ वेळां चेंडू यशस्वीपणें टोलविला आणि तो पराक्रम आजहि सांगितला जातो. म्हणजे दहापैकीं जवळजवळ सहा वेळां त्यांनाहि अपयशच आलें. तेव्हां मुलगा अथवा मुलगी मैदानावरून परत आल्यावर ‘किती मारलेस?’ असें विचारण्यापेक्षां ‘पाऊल वेळेवर पडलें का? कंबर आधीं वळली का?’ असें विचारावें. या दोन प्रश्नांचीं उत्तरें होकारार्थीं येऊं लागलीं, म्हणजे टोल्याला पुढें फार दिवस वाट पाहावी लागत नाहीं.