अलिबागचे शनवार तेली

अलिबागच्या उत्तरेस नवगाव येथे बेने इस्रायल समाजाची जी प्राचीन दफनभूमी आहे, तिच्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली कथा अशी की, दूरदेशाहून निघालेल्या त्यांच्या पूर्वजांचे गलबत या किनाऱ्यानजीक खडकांवर फुटले, सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या बचावल्या, आणि लाटांनी किनाऱ्यास लावलेले बाकीच्यांचे देह त्यांनी येथेच मातीआड केले. ही घटना कोणत्या शतकातली, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

धर्मग्रंथ समुद्रार्पण झाले, हिब्रू भाषा विस्मृतीत गेली, आणि घाण्यावर तेल गाळणे हाच चरितार्थ झाला. तथापि शनिवारी घाणा बंद राही, बैल मोकळा असे, आणि म्हणूनच कुलाब्याच्या मुलखात या मंडळींस ‘शनवार तेली’ म्हणू लागले. मुलाची सुंता आठव्याच दिवशी होई, पर आणि खवले नसलेला मासा चुलीवर चढत नसे, आणि मंगल-अमंगल प्रत्येक प्रसंगी ‘शेमा इस्रायल’ ही स्मरणात उरलेली प्रार्थना म्हटली जाई. ग्रंथावाचून धर्म टिकला याचे मोठे श्रेय, माझ्या मते, स्वयंपाकघराची शिस्त सांभाळणाऱ्या स्त्रियांकडे जाते. मांसाबरोबर दूध निषिद्ध, म्हणून त्यांनी नारळाचा रस जवळ केला. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाच्या शोकदिनी मोड आणून सोललेले वाल शिजू लागले आणि तो ‘बिरड्याचा सण’ झाला. नवस फेडताना भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि फळे यांचा मलिदा एलियाहू हन्नाबीच्या नावे ठेवतात. या प्रेषिताच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळे गावातील कातळावर उमटली आहे, अशी त्यांची श्रद्धा आहे.

पुढे दाविद रहाबी नामक यहुदी गृहस्थाने या तेल्यांचे आचार पारखून त्यांना स्वधर्मीय म्हणून ओळखले, त्यांना धर्मशिक्षण दिले आणि तीन काजी नेमले, असे परंपरा सांगते. आंग्र्यांच्या अमदानीत या समाजातील पुरुष आरमारात चाकरीस होते. इंग्रजी फौजेत तर कित्येक सुभेदारपदास चढले. त्यांपैकी सामाजी हसाजी दिवेकर यांनी, टिपूच्या कैदेतून सुटल्यावर, 1796 मध्ये मुंबईस पहिले प्रार्थनामंदिर उभारले. आंग्र्यांचे संस्थान 1840 च्या सुमारास खालसा झाले आणि 1848 मध्ये अलिबागच्या इस्रायल आळीत ‘मागेन आबोथ’ हे मंदिर बांधले गेले, ज्याची पुनर्बांधणी 1910 मध्ये झाली. किहीम, पेण, रोहे, नवगाव या गावांवरून पडलेली आडनावे या लोकांनी मुंबईत नेली. त्यांतील हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी 1875 मध्ये तेथे समाजाची शाळा काढली आणि 1897 मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला, जो पुढे चाळीस वर्षांनी, 1937 साली छापला गेला.

1948 नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली. ज्यांनी शेकडो वर्षे घाणा शनिवारी फिरू दिला नाही, त्यांच्या यहुदीपणाविषयी तेथील धर्मपीठाने शंका घ्यावी, हा अन्याय मला फार बोचतो; अखेर 1964 मध्ये, मोठ्या आंदोलनानंतर, त्यांना इतर यहुद्यांच्या बरोबरीचे मानण्यात आले. तिकडे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले आहे. इकडे महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात. ते जमवणे अलिबागसारख्या गावात कठीण होऊन बसले आहे, तरी मलिदा करण्यास मुंबई-ठाण्याची कुटुंबे अजून खंडाळ्यास येतात.