बाळ झोपलंय, मग ते करतंय काय?

इंग्रजीची वळणं : लेखांक ९

लग्नाच्या बैठकीत ‘मुलगा काय करतो?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘बँकेत असतो.’ त्या क्षणी मुलगा आतल्या खोलीत शर्टाचं बटण शोधत असेल, पण ते कुणी सांगत नाही. ते हवं असेल तर ‘काय करतोय?’ असं विचारावं लागतं. इंग्रजीतही ‘व्हॉट डझ ही डू?’ हा पोटापाण्याचा प्रश्न आणि ‘व्हॉट इज ही डूइंग?’ हा या घडीचा. ‘गाडी सहाला सुटते’ आणि ‘मी उद्या निघतोय’ यांतला फरकही दोन्हीकडे सारखाच: वेळापत्रकाला साधं रूप, स्वतःच्या बेताला चालू रूप. म्हणजे साधा आणि चालू वर्तमानकाळ मराठी माणसाच्या कानात आधीपासूनच असतो. पंचाईत होते ती दोन भाषा एकच दृश्य दोन बाजूंनी बघतात तेव्हा.

‘बाळ झोपलंय.’ पाळण्याशी उभं राहून आई हळूच सांगते. व्याकरणात हा पूर्ण वर्तमानकाळ. मराठीच्या लेखी झोपण्याची क्रिया उरकली आणि तिचा परिणाम पाळण्यात आहे. इंग्रजीच्या लेखी झोप अजून चालू आहे, म्हणून ‘द बेबी इज स्लीपिंग’. आजोबा ओट्यावर ‘बसलेत’, इंग्रजीत ते ‘आर सिटिंग’. मराठीत बसणं म्हणजे गुडघे वाकवून टेकणं, एकदाच. इंग्रजी ‘सिट’ मात्र आजोबा उठेपर्यंत संपत नाही.

सगळ्यात मजेदार साडी. ‘ती पैठणी नेसली आहे’ याचं शब्दाला शब्द इंग्रजी ‘शी हॅज वोर्न अ पैठणी’ असं होईल, आणि ऐकणाऱ्याला वाटेल की बाईंनी आयुष्यात कधीतरी पैठणी नेसली होती. समोर दिसणाऱ्या साडीसाठी ‘शी इज वेअरिंग’ हवं. ‘ती साडी नेसतेय’ याला तर ‘वेअर’ चालतच नाही, तिथे ‘पुटिंग ऑन’. खाली रिक्षा थांबवून ठेवलेल्या माणसाला या दोन्हींमधला फरक व्याकरणाशिवाय कळतो.

मनाच्या क्रियापदांत गाडी उलट दिशेनं जाते. ‘मला आठवतंय’, ‘कळतंय मला’, ‘मला वाटतंय’ ही मराठीत सर्रास चालू रूपं. इंग्रजीत ‘रिमेंबर’, ‘अंडरस्टँड’, ‘थिंक’ साधीच राहतात. माहीत असणं, हवं असणं, मालकीचं असणं या इंग्रजीला स्थिती वाटतात, आणि स्थिती ‘चालू’ नसते, ती असते किंवा नसते. ‘थिंक’चा अर्थ मत असा नसून डोक्यात काही घोळवणं असा असेल, तर मात्र ‘आय ॲम थिंकिंग’ बिनदिक्कत चालतं. तसंच ‘यू आर रूड’ हा स्वभावावर शेरा, ‘यू आर बीइंग रूड’ म्हणजे आत्ता उद्धटपणा चाललाय; दुसऱ्यात समेटाला जागा राहते.

‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे वाक्य तर आपल्याकडे प्रसिद्धच आहे. ‘वी आर हॅविंग लंच’मध्ये ‘हॅव’ म्हणजे जेवणं, म्हणून ते बरोबर. त्याच चालीवर दोन भाऊ म्हटले की इंग्रजाला भलताच बेत दिसतो. मुंबईचे कवी निसिम इझिकेल यांनी ‘गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.’ ही अख्खी कविता या ‘इंग’च्या लकबीवर उभी केली. इझिकेल बेने इस्रायल समाजाचे, आणि मराठी ही त्या समाजाची घरची भाषा. आता भाषाशास्त्रज्ञ ही लकब भारतीय इंग्रजीचं वैशिष्ट्य म्हणून नोंदवतात. परीक्षक अजून तितके उदार झालेले नाहीत.

नियम मोडून पैसे मिळवणारेही आहेत. 2003 साली मॅकडोनाल्ड्सनं ‘आय’म लव्हिन इट’ ही घोषणा आणली, तीही जर्मनीतल्या म्युनिकमधून. ‘लव्ह’ स्थितिवाचक, त्याला ‘इंग’ लावल्यावर प्रेम हातातल्या घासापुरतं, आत्ताचं होतं. बर्गर विकायला तेवढंच पुरतं. गंमत अशी की प्रमाण जर्मनमध्ये इंग्रजीसारखं वेगळं चालू रूप नाही, त्यामुळे तिथली घोषणा साध्या क्रियापदावरच भागली.

भूतकाळात हा भेद जिवावर येतो. ‘तो बुडाला’ आणि ‘तो बुडत होता’, ‘ही ड्राउन्ड’ आणि ‘ही वॉज ड्राउनिंग’: दुसऱ्या वाक्यातला माणूस आज चहा पीत बसलेला असू शकतो. पण ‘ती चालत होती’ म्हटलं, की ती थोडी तरी चालली हे नक्की. असं का, याचं नीट उत्तर झिनो वेंडलर या तत्त्वज्ञानं 1957 मधल्या ‘व्हर्ब्ज अँड टाइम्स’ या निबंधात मांडलं. काही क्रियापदांच्या पोटातच शेवट असतो, काहींच्या नसतो. पत्र लिहिण्याला शेवट आहे, चालण्याला नाही. शेवट असलेल्या क्रियापदाचं चालू रूप तो शेवट गाठल्याची हमी देत नाही.

ही इंग्रजीची व्यवस्थाही फार जुनी नाही. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मध्ये पुस्तकात डोकं घातलेल्या राजपुत्राला पोलोनियस ‘काय वाचताय?’ असं विचारतो, पण साध्या रूपात. आज तसं विचारलं तर ‘एरवी काय वाचता?’ असा अर्थ होईल. ‘द हाउस इज बीइंग बिल्ट’ ही रचना अठराव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली. त्याआधी घर स्वतःच ‘इज बिल्डिंग’ असायचं. एकोणिसाव्या शतकात कित्येक व्याकरणकारांनी या नव्या रचनेला नाकं मुरडली.

क्रिकेटच्या समालोचनात मात्र साधं रूप अजून ऐटीत आहे. चेंडू डोळ्यांदेखत पडत असतो, तरी ‘बुमरा बोल्स, स्मिथ ड्राइव्ह्ज’. घटना वाक्याआधीच संपते, मग ‘इंग’ला वेळ कुठला? चेंडू सीमारेषेकडे पळू लागला, की समालोचकाला श्वास मिळतो आणि ‘इज रेसिंग अवे’ येतं.

राहता राहिलं उंबऱ्यावरचं ‘येतो’. जाणारा माणूस ते म्हणतो, साध्या वर्तमानकाळात म्हणतो, आणि इंग्रजीत त्याचं ना ‘आय कम’ होतं ना ‘आय ॲम कमिंग’. त्याचा निकाल पुढच्या आठवड्यात, ‘विल’ आणि ‘गोइंग टू’ यांच्या पंक्तीत.