प्रार्थनेला हवी रोजच्या कामाची खुंटी

भुसावळ हे मध्य रेल्वेच्या विभागाचे मुख्यालय. इथल्या अनेक घरांचा दिवस सूर्यावर नव्हे, ड्युटीच्या पाळीवर ठरतो. या आठवड्यात पहाटे कामावर, पुढच्या आठवड्यात रात्री. अशा घरातल्या एखाद्या ख्रिस्ती माणसाने रविवारी उपासनेहून परतताना ठरवले, की उद्यापासून रोज पहाटे पाचला उठून प्रार्थना करायची. हा नेम किती दिवस टिकेल? बहुधा पहिली रात्रपाळी येईपर्यंत. मग दोन दिवस चुकतात, तिसऱ्या दिवशी मनाला टोचणी लागते आणि 'आपली श्रद्धाच कच्ची' असे म्हणून तो नेम सुटतो.

सवयींचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ अशा वेळी श्रद्धेला दोष देणार नाहीत. नेम ज्या खुंटीला टांगला, ती खुंटीच दर आठवड्याला हलत होती, एवढेच ते सांगतील.

६६ दिवस, पण सरासरीने

सवय लागायला २१ दिवस पुरतात, असे नेहमी सांगितले जाते. त्याला भक्कम आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना १२ आठवडे एक नवी गोष्ट रोज करायला सांगितली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासानुसार, ती गोष्ट आपोआप होऊ लागायला मध्यमान ६६ दिवस लागतात. माणसागणिक आणि कामागणिक हा आकडा मात्र १८ पासून २५४ दिवसांपर्यंत बदलत होता. एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही, हाही त्याच अभ्यासाचा निष्कर्ष. म्हणजे काल प्रार्थना राहिली तर आज दुप्पट करण्याची किंवा स्वतःला दोष देत बसण्याची गरज नाही. आज पुन्हा सुरुवात केली की पुरे.

या अभ्यासात प्रत्येकाने आपली नवी गोष्ट रोज घडणाऱ्या एखाद्या प्रसंगाशी जोडली होती. उदाहरणार्थ, न्याहारीनंतर. घड्याळातले पाच हलतात, पण पाळी कुठलीही असो, चहाचे आधण रोज ठेवले जाते, डबा रोज भरला जातो, घरी आल्यावर हातपाय रोज धुतले जातात. 'वेळ मिळाला की प्रार्थना करीन' या वाक्याला धरायला काही नाही. 'गॅसवर चहा ठेवला की तो उकळेपर्यंत प्रार्थना करीन' या वाक्याला आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी अशा 'अमुक झाले की तमुक करीन' प्रकारच्या संकल्पांचा अभ्यास केला. नुसत्या इच्छेपेक्षा असे संकल्प अधिक पाळले जातात, असे त्यात दिसले.

जुनी वाट

ख्रिस्ती परंपरेला ही युक्ती जुनीच ठाऊक आहे. आरंभीच्या मंडळ्यांसाठी लिहिलेल्या 'डिडाखे' या प्राचीन पुस्तिकेत प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणायला सांगितली आहे. कॅथलिक चर्चमध्ये सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी घंटा वाजवण्याची प्रथा आली, तीही शेतात आणि घरात कामाला लागलेल्यांना क्षणभर थांबवण्यासाठी. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे साधू स्वयंपाकघरात राबत. भांडी घासताना आणि रांधतानाही देवाचे स्मरण ठेवता येते, ही त्यांची शिकवण आजही वाचली जाते.

खानदेशाला हे समजायला पॅरिसला जावे लागत नाही. जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींची गाणी शेतातल्या आणि घरातल्या कामांच्या सोबतीने आली. घरोघरच्या बायकांच्या ओव्या जात्यावर फुलल्या. त्यासाठी वेगळी बैठक, वेगळी वेळ नव्हती. जात्याचा खुंटा हातात आला की ओवी ओठांवर येई. धर्म वेगळा असला तरी सवयीची घडण तीच.

गाव बदलले की

खुंटी हलण्याचा आणखी एक प्रसंग खानदेशात दरवर्षी येतो. नंदुरबार आणि धुळे जिल्ह्यांतील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही असतात. गावातले चर्च, शेजारची गाणारी मंडळी, अंथरुणाशेजारी ठेवलेले पवित्र शास्त्र, सगळे मागे राहते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड यांनी विद्यापीठ बदलणाऱ्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा जागा आणि परिस्थिती बदलल्यावर जुन्या सवयी विस्कळीत होतात, असे दिसले. म्हणून कुठेही सोबत येणारी खूण निवडणे शहाणपणाचे. भाकरीचा पहिला घास गावातही असतो आणि उसाच्या फडातही.

सुरुवात आपोआप, शब्द नव्हेत

पण एकदा सवय लागली की प्रार्थना यांत्रिक होणार नाही का? ही शंका रास्त आहे. अर्थहीन बडबड करू नका, अशी ताकीद खुद्द येशूने दिल्याचे मत्तयाच्या शुभवर्तमानात आहे. सवयींच्या अभ्यासकांनी येथे उपयोगी भेद केला आहे. एखादी गोष्ट सुरू करण्याची सवय वेगळी आणि ती ठरावीक पद्धतीने पार पाडण्याची सवय वेगळी. व्यायामाबाबतच्या संशोधनात, कोण किती वेळा व्यायाम करतो हे सुरू करण्याच्या सवयीवरून कळले. व्यायामाच्या ठरलेल्या पद्धतीवरून कळले नाही.

प्रार्थनेलाही हे लावून पाहता येते. डोळे मिटणे आपोआप व्हावे, पुढचे शब्द मात्र त्या दिवसाचे असावेत. कधी आजारी मुलाबद्दल, कधी न झालेल्या पावसाबद्दल, कधी नुसती शांतता. ते शब्द पुस्तकी मराठीत असायला हवेत असेही नाही. अहिराणीत किंवा मावचीत बोलणाऱ्याने त्याच बोलीत बोलावे.

शरीरात काय होते, काय होत नाही

इटलीतील लुचियानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २३ निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. जपमाळेची लॅटिन प्रार्थना म्हणताना त्यांचा श्वास मिनिटाला सुमारे सहापर्यंत संथ झाला. योगातील मंत्र म्हणतानाही तेच घडले. रक्तदाब सांभाळणारी शरीराची प्रतिक्षिप्त क्रियाही या वेळी अधिक तत्पर झाली. प्रयोग लहान आणि परिणाम त्या वेळेपुरता. त्यावरून रोग बरा होतो असे म्हणता येत नाही.

दुसऱ्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सहा रुग्णालयांतील हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांमध्ये, अनोळखी गटांनी केलेल्या प्रार्थनेमुळे गुंतागुंत कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना नक्की सांगितले होते, त्यांच्यात तर ती थोडी जास्तच, ५९ टक्के रुग्णांत आढळली. देव मोजण्याचे यंत्र विज्ञानाकडे नाही. पण प्रार्थनेच्या भरवशावर मधुमेहाची, रक्तदाबाची किंवा क्षयरोगाची गोळी बंद करणे जिवावर बेतू शकते, हे विज्ञान ठामपणे सांगते. मन सतत खचलेले असेल, झोप उडाली असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांची मदतही घ्यावी. सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर मोफत आहे.

उलट दोन्ही सवयींना एकच खुंटी देता येते. रोजची गोळी ज्या डबीत असते, ती प्रार्थनेच्या जागी, पवित्र शास्त्राशेजारी ठेवावी. डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी सांगितली आहे की नंतर, ते पाहून प्रार्थनेची खूण निवडावी. सुरुवातही लहान ठेवावी. प्रभूची प्रार्थना सावकाश म्हटली तरी मिनिटभरात होते. रात्रपाळीहून भुसावळच्या घरी परतलेला माणूस पहाटे पाचला उठू शकणार नाही. बूट काढून हातपाय धुतल्यावर एक मिनिट थांबणे त्याला जमेल.