डोंगलचा सातबारा

दोन-अडीचशे रुपयांच्या वायफाय डोंगलच्या पाकिटावर सगळं छापलेलं असतं. वेग असतो, अँटेनाचं चित्र असतं, कधी न ऐकलेलं चकचकीत नाव असतं. आत चिप कुणाची आहे तेवढं मात्र नसतं, आणि विंडोजला नेमकं तेवढंच कळायला हवं असतं.

जवळा बाजारला कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या टेबलावर ही डोंगलं फार येतात, त्याला कारण आहे. परभणीहून औंढा नागनाथमार्गे हिंगोलीला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे बाजाराचं गाव. हळद, सोयाबीन, कापूस यांची उलाढाल, स्वतःची बाजार समिती, त्यामुळे आडत्याकडे, खतबियाण्याच्या दुकानात, सेवा केंद्रात, सगळीकडे कॉम्प्युटर आहे. तो बहुतेक वेळा सेकंडहँड डेस्कटॉप असतो, शहरातल्या एखाद्या ऑफिसात काही वर्षं राबून निघालेला. त्या ऑफिसात तो वायरवर चालायचा, म्हणून त्याच्यात वायफाय नाही. इथं राउटर एका गाळ्यात, सीपीयू दुसऱ्या गाळ्यात आणि मधे पत्रा. मग डोंगल लावायचं.

गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली असते: "भाऊ, नेट येऊ लालंय अन् जाऊ लालंय." जुलैअखेर पीक विम्याची गर्दी असते तेव्हा तर ही तक्रार करणाऱ्याचा आवाज चढलेला असतो. फॉर्म अर्धा भरलेला, पोर्टल आधीच रडतखडत चाललेलं, त्यात डोंगलनं मान टाकली की केंद्रवाल्याला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागते आणि बाहेर रांगेत उभे असलेले लोक त्यालाच बोलतात.

बहुतेकांचा पहिला संशय नेट देणाऱ्या कंपनीवर असतो. तो खरा की खोटा हे पाहायला काळ्या खिडकीत पिंगची आज्ञा 'टी'सकट द्यायची आणि राउटरचा पत्ता टाकायचा. बहुतेक घरगुती राउटरांचा तो १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरी खिडकी उघडून त्यात ८.८.८.८ टाकायचं, हा गूगलचा सार्वजनिक पत्ता. दोन्ही खिडक्या चालू ठेवून चहा घ्यायचा. बाहेरचा पत्ता तुटतोय आणि राउटरचा चालू आहे, तर डोंगल निर्दोष. लाइनवाल्याला फोन करा. राउटरचंच उत्तर येत नसेल तर दोष या चार हातांच्या आत आहे, डोंगल, ड्रायव्हर किंवा पोर्ट यांपैकी कुठंतरी. ही तपासणी फुकट आहे आणि तरी फार थोडे लोक करतात. सरळ "विंडोज मारून द्या" म्हणतात.

विंडोज मारून काही होत नाही, कारण मारल्यावर तोच ड्रायव्हर परत येतो, किंवा कुठलाच येत नाही. मग डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि त्याच्यापुढं '८०२.११एन एनआयसी' एवढंच कोरडं नाव. इथं मजेशीर कोंडी होते. ड्रायव्हर नेटवर आहे आणि नेट ड्रायव्हरशिवाय नाही. डोंगलबरोबर आलेली छोटी सीडी घालायला सीपीयूत ड्राइव्ह नसतो. यातून सुटायची वाट खिशातच असते. अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलनं जोडायचा आणि यूएसबी टेदरिंग चालू करायचं. त्याचा ड्रायव्हर विंडोज १०मध्ये आधीपासून असतो.

आता खरं काम. पिवळ्या चिन्हावर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि यादीतून हार्डवेअर आयडी. तिथं एक ओळ दिसते, तिच्यात व्हीआयडी म्हणजे बनवणाऱ्याचा क्रमांक आणि पीआयडी म्हणजे मालाचा क्रमांक. जमीन कुणाची हे बांधावरच्या पाटीवरून ठरत नाही, सातबारा काढावा लागतो. डोंगलचा सातबारा हा. व्हीआयडी '०बीडीए' असेल तर चिप तैवानच्या रिअलटेकची. पुढं पीआयडी ८१७९ असेल तर ती आरटीएल ८१८८ईयू जातीची, एफ१७९ असेल तर ८१८८एफटीव्ही. पाकिटं बाहेरून जुळी असली तरी या दोघींचे ड्रायव्हर वेगळे. '१४८एफ' हा क्रमांक रॅलिंकचा. ही कंपनी २०११ साली मीडियाटेकनं घेतली, तरी नंतरच्या एमटी७६०१ या चिपवर क्रमांक रॅलिंकचाच राहिला. फेरफार झालाच नाही म्हणायचा. त्यामुळे मीडियाटेकच्या चिपची डोंगलं आजही रॅलिंकच्या नावानं हजेरी लावतात आणि नवशिका मेकॅनिक भलत्याच कंपनीचा ड्रायव्हर शोधत बसतो.

नामांकित मालातही हे घडतं. टीपी-लिंकचं टीएल-डब्ल्यूएन७२२एन हे मॉडेल पहिल्या आवृत्तीत अथेरॉसच्या एआर९२७१ चिपवर होतं. दुसऱ्या आवृत्तीपासून आत रिअलटेकची ८१८८ आली. नाव तेच, डबी तीच. फरक फक्त मागच्या लेबलावरच्या बारीक आवृत्ती क्रमांकात. म्हणून नाव टाकून ड्रायव्हर शोधू नये, आयडी टाकून शोधावा.

कधी कधी तर डोंगल आपण डोंगल आहोत हेच सांगत नाही. लावलं की 'माय कॉम्प्युटर'मध्ये सीडी दिसते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, वायफाय कुठंय, ही तर सीडी निघाली. बिघाड नाही तो. 'ड्रायव्हर फ्री' म्हणून विकला जाणारा हा माल आधी सीडीचं सोंग घेतो, ड्रायव्हरचा सेटअप त्याच्याच पोटात असतो. आयडीत '०बीडीए'पुढं '१ए२बी' दिसलं तर समजायचं की सोंग अजून उतरलेलं नाही. सेटअप चालवला किंवा ती सीडी इजेक्ट केली की तेच डोंगल नव्या क्रमांकानं, खऱ्या रूपात समोर येतं.

आयडी मिळाला की मायक्रोसॉफ्टच्या अपडेट कॅटलॉगमध्ये तो जसाच्या तसा टाकायचा. तिथं एकाच चिपचे अनेक ड्रायव्हर तारखेनिशी मिळतात, सही केलेले. दाबून बांधलेली फाइल उतरते, ती उलगडली की आत तीन नमुने दिसतात: मजकुराची आयएनएफ, प्रत्यक्ष काम करणारी एसवायएस आणि सहीची कॅट. आयएनएफ नोटपॅडमध्ये उघडून आपला पीआयडी शोधावा. सापडला तर ड्रायव्हर आपला, नाही सापडला तर सेटअप कितीही वेळा 'सक्सेसफुल' म्हणाला तरी व्यर्थ. ३२ बिट आणि ६४ बिट हेही इथंच पाहून घ्यावं. जुन्या मशिनवर कुणीतरी ३२ बिट विंडोज टाकून ठेवलेली असते आणि आपण ६४चा ड्रायव्हर घेऊन झगडत राहतो.

अनेकांचं चुकतं ते पुढं. यादीतला सगळ्यात नवा ड्रायव्हर तो सगळ्यात चांगला, असं ते धरून चालतात. विंडोजही जवळजवळ तसंच धरते. एका यंत्रासाठी दोन ड्रायव्हर हाताशी असले तर ती आधी सही पाहते, मग ओळख किती नेमकी जुळते ते पाहते, आणि तिथं बरोबरी झाली तर तारीख. शेवटी आवृत्तीचा आकडा. चालतो कसा, हे त्या हिशेबात कुठंच नाही. तारखेचं महत्त्व बघायचं असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड किंवा यूएसबी हब उघडून बघा. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख सापडेल, मशीन कालचं असलं तरी. व्हिस्टाच्या काळातली ही तारीख मुद्दाम तशीच ठेवली आहे, म्हणजे कंपनीनं स्वतःचा ड्रायव्हर दिला तर तो तारखेनं नवा ठरून जिंकतो.

हा नियम कंपनीच्या फायद्याचा आहे, आडत्याच्या नाही. स्वस्त डोंगलातल्या चिपा जुन्या आहेत. त्यांच्यासाठीचा पुढचा ड्रायव्हर बऱ्याचदा नव्या चिपांना सामावून घेण्यासाठी निघालेला असतो, आणि जुन्या चिपवर तो कसा चालेल याची हमी तारखेत नसते. माझा अनुभव असा की या डोंगलांवर मधल्या काळातला, एखाद-दोन पायऱ्या मागचा ड्रायव्हर टिकतो. म्हणून यादीतला नवा लावून पिंग बघायचा, तुटला की मागचा लावायचा, पुन्हा पिंग. कंटाळवाणं काम आहे आणि त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही. विंडोज १०पासून 'नेटश'च्या आज्ञेत डब्ल्यूलॅन रिपोर्ट काढता येतो. गेल्या तीन दिवसांत जोडणी कधी तुटली आणि कोणत्या कारणानं, याचा आलेख त्यात मिळतो. गिऱ्हाइकाच्या सांगण्यापेक्षा तो भरवशाचा.

चांगला ड्रायव्हर सापडला म्हणून निर्धास्त होऊ नये. विंडोजचं अपडेट येतं, नवी तारीख बघतं, आणि आपण बसवलेला बाजूला सारून आपला लावतं. त्यासाठी आधी नकोसा ड्रायव्हर काढताना 'ड्रायव्हर सॉफ्टवेअरही पुसा' या चौकटीत खूण करायची. ती विसरली तर तो ड्रायव्हर स्टोअरमध्ये दडून राहतो आणि डोंगल काढून घातलं की हजर होतो. मग आपला ड्रायव्हर लावायचा आणि 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज'मध्ये 'नो'. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीत अपडेटबरोबर ड्रायव्हर घेऊ नका, अशी सोय आहे. ती लावली की फार डोकेदुखी वाचते.

सगळा दोष ड्रायव्हरवर ढकलणं हेही बरोबर नाही. यूएसबी ३चं, निळ्या जिभेचं पोर्ट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतं. इंटेलनं २०१२ सालीच त्यावर टिपण काढलं होतं. नेमक्या त्याच पट्ट्यात ही स्वस्त डोंगलं बोलतात. शेजारच्या पोर्टात यूएसबी ३ची हार्ड डिस्क लावली की वायफाय अडखळतं, आणि लोक पुन्हा ड्रायव्हर बदलायला घेतात. डोंगल काळ्या पोर्टात लावावं, शक्यतो हातभर एक्स्टेन्शन केबलवर, सीपीयूच्या लोखंडी पाठीपासून दूर. पॉवर मॅनेजमेंटमधली 'वीज वाचवायला हे यंत्र बंद करा' ही खूण काढावी. सेवा केंद्रात माणसाचा अंगठा उमटेपर्यंत, ओटीपी येईपर्यंत मशीन चार क्षण स्वस्थ असतं, तेवढ्यात ही खूण डोंगलला झोपवते. नुसती खूण काढून बरी झालेली डोंगलं मी पुष्कळ पाहिली आहेत.

एका बाबतीत मात्र मी कडक आहे. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये अपडेट' म्हणणारी सॉफ्टवेअरं सेवा केंद्राच्या मशिनवर नकोत, आणि सहीची तपासणी बंद करून ड्रायव्हर बसवण्याचा जुगाडही नको. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात बसतो, तिथून त्याला सगळं दिसतं. २०१६ सालच्या विंडोज १०च्या १६०७ आवृत्तीपासून अशा नव्या ड्रायव्हरवर मायक्रोसॉफ्टची सही लागते ती उगाच नाही. गाभ्यातली एक चूक किती महाग पडते हे १९ जुलै २०२४ रोजी जगानं पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं सुमारे ८५ लाख विंडोज मशिनं निळ्या पडद्यावर आणली, विमानतळांवर रांगा लागल्या. ती तर चांगल्या हेतूनं आलेली फाइल होती. ज्या मशिनवर गावाचे आधार आणि बँकेचे खाते क्रमांक टाइप होतात, तिथं कुठूनतरी आलेला बिनसहीचा ड्रायव्हर म्हणजे परक्याच्या हाती किल्ली. एरर कोड ५२ आला तर सही पटलेली नाही असं समजावं, आणि दुसरा ड्रायव्हर शोधावा.

पुढचे दिवस याहून अवघड आहेत. विंडोज १०चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. इथली पुष्कळ मशिनं विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत, म्हणजे ती आहेत तशीच चालवली जाणार, आणि त्यांच्यासाठीचे ड्रायव्हर शोधणं दिवसेंदिवस कठीण होणार. ज्याच्याकडे आज चालत्या ड्रायव्हरचा फोल्डर आहे त्यानं तो जपावा.

सेवा केंद्रवाल्यांना आणि आडत्यांना एवढंच सांगणं. राउटरपर्यंत वायर ओढता येत असेल तर डोंगलच्या भानगडीत पडू नका. पत्र्याला एक भोक पाडणं परवडतं. ते शक्य नसेल तर मशीन 'विंडोज मारायला' देण्याआधी मेकॅनिकला चालू ड्रायव्हर काढून ठेवायला सांगा. 'पीएनपीयुटिल'च्या एक्स्पोर्ट आज्ञेनं ते काही मिनिटांत होतं. तो फोल्डर पेनड्राइव्हवर घ्या, हार्डवेअर आयडीचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, आणि हे सगळं जून संपायच्या आत करा.