आकाशाचे खुले दप्तर



पेशवे दप्तर हे नाव इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. पुण्यातील त्या रुमालांत मराठ्यांचा इतिहास बांधलेला होता. परंतु दीर्घकाळपर्यंत सामान्य अभ्यासकाला ते रुमाल सहजासहजी सोडता येत नसत. १९३० ते १९३४ या वर्षांत गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, तेव्हा दूरगावच्या जिज्ञासूलाही मूळ कागद वाचून स्वतःचे मत बनविता येऊ लागले. आकाशाचेही असेच एक दप्तर आहे. ते कसे लिहिले जाते आणि कोणाला उघडे असते, याविषयी आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

१९४९ साली कॅलिफोर्नियातील पॅलोमार पर्वतावर ४८ इंची दुर्बिणीने आकाशाची पद्धतशीर छायाचित्रे घेण्यास आरंभ झाला. त्यांच्या प्रती निरनिराळ्या वेधशाळांनी विकत घेतल्या. अर्थात ज्या संस्थेला तो खर्च झेपला, तिच्याच कपाटात ते आकाश गेले.

पुढे २००० साली अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्यात अपाची पॉइंट येथे अडीच मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ‘स्लोन आकाश सर्वेक्षण’ सुरू झाले. येथे काचेच्या पट्टीची जागा प्रकाशाचे विजेत रूपांतर करणाऱ्या फलकांनी घेतली होती. छायाचित्रांवरून ज्योतींची स्थाने निश्चित करीत. मग ॲल्युमिनियमच्या तबकडीस त्या त्या जागी ६४० छिद्रे पाडून प्रत्येकात काचतंतू हाताने बसवीत. त्या तंतूंतून आलेल्या प्रकाशाचा वर्णपट काढला, की दीर्घिकेचे अंतर अनुमानिता येई.

असे वेध जमले, म्हणजे काम संपले असे नव्हे. वातावरणाचा व यंत्राचा दोष वजा करावा लागतो, प्रत्येक ज्योतीची तेजस्विता मोजावी लागते, संशयास्पद नोंदीपुढे तशी खूण करावी लागते. हे सर्व झाल्यावर त्या साठ्याला अनुक्रमांक देऊन तो सर्वांसाठी खुला करतात. यालाच ‘माहिती-प्रकाशन’ म्हणतात. स्लोनचे प्रारंभिक प्रकाशन जून २००१ मध्ये झाले. त्यात सुमारे १ कोटी ४० लाख ज्योतींची नोंद होती. एकोणिसावे प्रकाशन जुलै २०२५ मध्ये झाले. नवे आले म्हणून जुने फेकून देत नाहीत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एखाद्याने अमुक क्रमांकाच्या प्रकाशनावरून निष्कर्ष काढला, तर दुसऱ्याला तेच आकडे घेऊन तो पडताळून पाहता येतो. शास्त्रातील विश्वास हा असा पडताळ्यावर उभा असतो.

या खुलेपणाचे फळ काय? जुलै २००७ मध्ये स्लोनच्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांची चित्रे सामान्य लोकांपुढे ठेवून त्यांचे आकार ओळखण्याची विनंती करण्यात आली. दीड लाखांवर लोकांनी वर्षभरात पाच कोटींहून अधिक उत्तरे दिली. त्यांत हॅनी फान आर्केल ही नेदरलँडमधील शिक्षिका होती. एका दीर्घिकेशेजारी तिला एक चमत्कारिक डाग दिसला व हे काय आहे, असे तिने विचारले. तो एक प्रचंड वायुमेघ निघाला; शेजारच्या दीर्घिकेच्या गाभ्यातून पूर्वी निघालेल्या प्रखर प्रकाशाने तो उजळला होता. माझ्याच व्यवसायातील एका व्यक्तीने तज्ज्ञांना हा प्रश्न घातला, याचे मला विशेष कौतुक वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या पुण्याचे. ‘आयुका’ या संस्थेतील जॉयदीप बागची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्लोनच्या खुल्या नोंदी चाळून मीन राशीच्या दिशेला सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला दीर्घिकांचा एक महासमूह शोधला. २०१७ साली जाहीर झालेल्या या शोधाला त्यांनी ‘सरस्वती’ असे नाव दिले. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे असून त्यात दीर्घिकांचे किमान ४३ गुच्छ आहेत. या कामी केरळातील एका महाविद्यालयाचे प्राध्यापकही सहभागी होते. दुर्बीण अमेरिकेत आणि शोध भारतात, हे खुल्या दप्तरामुळेच घडले.

यावर एक आक्षेप येतो आणि तो अगदीच पोकळ नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे यंत्रे उभारली, रात्री जागविल्या, त्यांच्या श्रमाचे फळ परक्याने आयते का घ्यावे? म्हणून पुष्कळ सर्वेक्षणांत कर्त्यांना काही काळ अग्रहक्क देतात. चिलीमधील रुबिन वेधशाळेनेही बहुतेक माहितीपुरता दोन वर्षांचा असा नियम ठेवला आहे. हा तोल न्याय्य म्हणावा लागेल, मात्र मुदत संपताच कुलूप खरोखर निघाले पाहिजे. कारण एवढ्या कोट्यवधी नोंदींना पुरे पडतील इतके डोळे कोणत्याही एका संस्थेपाशी नाहीत.

आपल्या गावातील शाळेत वा ग्रंथालयात संगणक असेल, तर हे दप्तर तेथेही उघडते; त्यासाठी शुल्क नाही आणि शिफारसपत्रही नाही. विद्यार्थ्याला ते एकदा उघडून द्यावे आणि एखाद्या दीर्घिकेचा वर्णपट त्याच्यापुढे ठेवून, तिचे अंतर कसे काढाल, एवढेच विचारावे. पुढचे काम त्याचे कुतूहल करील.