गिटार हाती घेताना (भाग ६) : जात्यावरची ओवी, तीन तारांवर

मागच्या आठवड्यात जी, सी, डी हे तीन कॉर्ड आपण घोटले. बोटांची टोकं अजून हुळहुळत असतील, म्हणून या आठवड्यात कॉर्डना सुट्टी. ओवी वाजवायची आहे आणि ओवीला कॉर्ड लागत नाहीत. लावले तर ती बिघडते, असं माझं सरळ मत आहे. ओवीचा सूर एका सा भोवती फिरतो. खालचा कॉर्ड दर दोन मात्रांनी बदलू लागला की त्या सा चा पायाच सरकतो आणि ऐकणाऱ्याला ओवीऐवजी सिनेमातलं गाणं ऐकू येतं.

भीमा आणि मुळा-मुठेच्या मधल्या या राहू बेटात पिठाची गिरणी येऊन जमाना झाला. रोजचं दळण जात्यावरून गेलं. पण लग्नघरी घाणा भरताना जातं अजून मांडतात, खुंट्याला हळकुंड बांधतात आणि म्हाताऱ्या बायांच्या तोंडून आपसूक ओव्या येतात. तेव्हा इथल्या नवशिक्याने पहिलं लोकगीत दुसरीकडे कशाला शोधायचं? चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ११२९ च्या सुमाराच्या ग्रंथात महाराष्ट्रातल्या बाया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख आहे. अलीकडच्या काळात हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी गावोगावच्या कार्यकर्त्यांना सोबत घेऊन एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यात शिरूर तालुक्यातल्या बायांच्याही ओव्या आहेत. बर्नार्ड बेल यांच्या मदतीने बरंच ध्वनिमुद्रण झालं, आणि आता हा संग्रह ‘पारी’च्या संकेतस्थळावर कुणालाही ऐकता येतो. घरात गाणारं कुणी उरलं नसेल तर तिथून सुरुवात करा.

आता गिटार घ्या. सगळ्यात जाड, म्हणजे सहावी तार ई वरून डी पर्यंत सैल करा. ती नीट उतरली की नाही, हे तपासायची सोपी खूण आहे: सहाव्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा सूर आणि मोकळ्या पाचव्या तारेचा सूर एक झाला पाहिजे. मग सहावी, पाचवी, चौथी अशा तीन मोकळ्या तारा एकदम छेडा. डी, ए, डी. म्हणजे आपले सा, प आणि वरचा सा. गोंधळी तुणतुण्यावर जे काम करतो, तेच या तारा करतील. एक सूर सतत धरून ठेवायचा, बाकी गाणाऱ्याकडे. बारीक तीन तारांना मात्र हात लावू नका. मोकळ्या वाजवल्या तर त्या म, ध आणि रे बोलतात आणि मधे लुडबुडतात.

चाल चौथ्या तारेवर वाजवायची. मोकळी तार सा, दुसऱ्या फ्रेटवर रे, चौथ्यावर ग, पाचव्यावर म, सातव्यावर प. बऱ्याचशा ओव्यांचं एवढ्यात भागतं. एक बोट तारेवरून सरकवत राहायचं आणि उजव्या हाताने तिन्ही तारा एकत्र छेडायच्या. खालचे सा-प आपोआप वाजत राहतात. सरावाला ही माझी जुळवलेली ओळ घ्या, आकडे फ्रेटचे: ०, २, ४, ४, ५, ४, २, ४, २, ०. ही कुठल्याही ओवीची चाल नाही, बोटांना रस्ता कळावा म्हणून आहे.

जाड तारांवर चाल वाजवणं हा काही नवशिक्याचा नाइलाज नव्हे. अमेरिकेतल्या कार्टर कुटुंबाची पहिली ध्वनिमुद्रणं १९२७ ची. त्यातली मेबल कार्टर अंगठ्याने जाड तारांवर चाल वाजवायची आणि बाकी बोटांनी बारीक तारांवर ठेका धरायची. त्या देशातल्या लोकसंगीतात पुढच्या कित्येक गिटारवाल्यांनी तिची ती पद्धत उचलली. आपल्याला अंगठ्याचं तेवढं कसब यायला वेळ आहे, पण दिशा तीच.

खरी अडचण सुरांची नसून वेळेची आहे. मेट्रोनोम लावून ओवी बसवू पाहाल तर फसाल. ओळीतली अक्षरं कमी-जास्त असतात. मधे ‘बाई’, ‘गं’ घालून बाया ती लांबवतात आणि दम जिथे संपतो तिथे थांबतात. म्हणून आधी ओवी तोंडाने म्हणा. पाठ झाली की म्हणता म्हणता वाजवा. जिथे शब्द लांबतो तिथे बोट तसंच ठेवून उजवा हात चालू ठेवा. हात जात्यासारखा एका चालीने फिरत राहिला पाहिजे, गळा काय वाटेल ते करो.

आणखी एक नाजूक जागा आहे. कधी कधी गाणारीचा गंधार तिसऱ्या फ्रेटवरही नसतो आणि चौथ्यावरही नसतो, दोन्हींच्या मधे कुठेतरी असतो. तिला बेसूर समजू नका. फ्रेट पक्के बसवलेले असतात, गळा नसतो. तिसऱ्या फ्रेटवर दाबून तार बोटाने किंचित आडवी ओढा. सूर चढतो आणि तिच्या गंधाराला जाऊन भिडतो. पहिल्याच आठवड्यात हे जमणार नाही. कानाला तेवढा फरक ऐकू आला तरी पुष्कळ.

शेवटी आजीला शेजारी बसवून वाजवायची वेळ येईल. आपला सा डी वर, म्हणजे पेटीवरच्या पांढरी दोनला आहे. ती तिच्या सवयीच्या पट्टीत सुरू करणार. ‘आजी, थोडं खाली घे’ असं तिला सांगायचं नाही, आपण कॅपो हलवायचा: दुसऱ्या फ्रेटवर लावला की पांढरी तीन, चौथ्यावर काळी तीन. तिचा आवाज डी पेक्षाही खाली असेल तर तिन्ही तारा सारख्याच सैल करा. मात्र फार सैल केल्या तर त्या फ्रेटवर खडखडतात.